मागीलदारी मासे साफ करायचं टेबल

बाजारातून आलेली सुरमई स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कापली की दोन दिवस वास जात नाही, आणि अंगणात उकिडवं बसून कापायची तर कंबर धरते. परसात, पत्र्याच्या सावलीत, नळाजवळ एक उभं टेबल असलं की दोन्ही प्रश्न मिटतात. मात्र असं टेबल बिघडतं ते पाण्यामुळे. रक्त, खवले, चिकटा धुवून नेणारं पाणी नेमकं कुठून जाणार हे आधी ठरवलं नाही, तर ते फळीखाली शिरतं, पाईप गंजवतं, आणि वर कितीही घासलं तरी वास खालून येत राहतो. म्हणून खालची मापं कापायला घेण्याआधी सिंक घरी आणा. सगळी मापं सिंकवरून निघतात.

सिंक २४ × १८ इंची, ९ इंच खोल, एसएस ३०४ चं, म्हणजे ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं घ्या. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४, हा समज चुकीचा आहे. २०२ ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि खाऱ्या हवेत त्यावर तांबूस डाग लवकर पडतात. बिलावर ग्रेड लिहून घ्या. समुद्रकाठी ३०४ वरही डाग धरतात, पण ते गोड्या पाण्याने नियमित धुतलं तर आटोक्यात राहतात.

सांगाड्यासाठी दीड इंची चौकोनी जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाईप, २ मिमी जाडीचा. ६ मीटरचे दोन पाईप पुरतात, पण नीट मांडून कापले तरच. पहिल्यातून ६० इंचाचे दोन, ५७ इंचाचा एक, साडेएकतीसचा एक पाय आणि साडेबावीसचा एक आडवा. दुसऱ्यातून साडेएकतीसचे उरलेले तीन पाय आणि साडेबावीसचे सहा आडवे. ६० चे दोन आणि साडेबावीसचे दोन मिळून वरची चौकट होते, ६० × साडेपंचवीस इंच. तीन आडवे चौकटीच्या आत जातात. जमिनीपासून ६ इंचांवर पायांना दोन्ही बाजूंनी साडेबावीसचा एकेक आणि मागून ५७ चा एक. पुढची बाजू मोकळी सोडा, नाहीतर उभं राहताना पायाची बोटं आपटतात.

या मापाने वरची फळी साधारण ३४ इंचांवर येते. ती तुमच्या उंचीला बसते का, हे असं बघा: हात खाली सोडून कोपर काटकोनात वाकवा, कोपरापासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्यातून ४ इंच वजा करा. सुरीने काम करणाऱ्यासाठी ती उंची योग्य. घरात विळीवरच मासे कापले जात असतील तर हे माप चालणार नाही, कारण विळीचं पातं फळीच्या वर उभं असतं आणि खांदे उचलून काम करावं लागतं. त्यांनी टेबल २८ ते ३० इंचांवर ठेवावं. शिवाय विळीचा पाट एरवी पायाने दाबलेला असतो, उभ्याने तो सरकतो. फळीवर पाटाच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी आणि पुढे आडवी एक अशी खाच करून पाट त्यात घट्ट बसवा.

वेल्डिंग करायच्या जागी आधी जस्ताचा थर ग्राइंडरने काढा. जस्त जळून निघणारा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, म्हणून हे काम उघड्यावरच. जिथे जस्त गेलं तिथे पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो, तेव्हा प्रत्येक सांध्याला झिंक रिच प्राइमरचे दोन हात आणि वर रंग. पायांच्या तळाशी रबरी टोप्या घाला आणि टोपीच्या किंचित वर ६ मिमीचं भोक पाडा. आत शिरलेलं पाणी बाहेर पडलं नाही तर पाईप आतून सडतो, आणि बाहेरून ते दिसत नाही.

तिन्ही आडव्यांची जागा डाव्या टोकापासून मोजा. पहिला १४ इंचांवर, दुसरा २८ वर, तिसऱ्याची उजवी कड बरोबर ४२ वर. तिसऱ्याच्या उजवीकडे साडेसोळा इंच मोकळे उरतात, त्यात सिंकचं भांडं उतरतं आणि कड चारही बाजूंनी पाईपवर टेकते. सिंकची लांब बाजू पुढून मागे ठेवायची. कडेखाली सिलिकॉन भरा.

आता फळी. लाकूड नको. सागाचंसुद्धा पाणी पितं आणि सांध्यात वास धरतं. एचडीपीई या टणक प्लास्टिकची २० मिमी जाड, पांढरी, फूड ग्रेड फळी ४३ × साडेपंचवीस इंच कापून घ्या. काळी, पुन्हा वितळवून केलेली शीट स्वस्त मिळते, ती खाण्याच्या वस्तूसाठी घेऊ नका. फळीचं वजन १३ किलोच्या आसपास भरतं.

ती सपाट बसवायची नाही, सिंकच्या दिशेने उतरती बसवायची. डाव्या टोकाच्या पाईपवर १२ मिमीची पट्टी, पहिल्या आडव्यावर ८, दुसऱ्यावर ४ आणि तिसऱ्यावर काही नाही. पट्ट्याही एचडीपीईच्याच. उतार याहून फार वाढवला तर ओला पापलेट आणि सुरी दोन्ही घसरत येतात. याहून कमी असेल तर पाणी या गुळगुळीत फळीवर थेंब थेंब साचून राहतं.

फळीची उजवी कड सिंकच्या भांड्यावर पाऊण इंच पुढे आली पाहिजे. एवढ्याने भागत नाही. पाणी कडेवरून खाली वळतं आणि फळीच्या पोटाला चिकटून मागे सरकतं. म्हणून फळीच्या खालच्या अंगाला, कडेपासून १ सेंटीमीटर आत, ३ मिमी खोल खाच आडवी काढा. स्लॅबच्या छज्जाला खालून जशी पागोळीची खाच असते तशीच. पाणी तिथे तुटून भांड्यातच पडतं. घरगुती टेबलांवर हीच खाच हमखास राहून जाते. वरच्या अंगाला पुढची, मागची आणि डावी कड धरून सुताराकडून राउटरने (खाच पाडायच्या यंत्राने) १० मिमी रुंद, ५ मिमी खोल पन्हळ काढून घ्या. पुढची आणि मागची पन्हळ सिंकपर्यंत उघडी हवी.

एचडीपीईला सिलिकॉन धरत नाही, काही आठवड्यांत सालीसारखं सुटतं. फळी स्क्रूनेच बसवायची, आणि खालून, म्हणजे वर रक्त साचायला भोक उरत नाही. एसएसचे छोटे एल ब्रॅकेट पाईपला लावा आणि १२ मिमीचे स्क्रू खालून फळीत घाला. सिंककडच्या दोन ब्रॅकेटची भोकं गोल असू द्या, बाकी सगळ्यांची लांबट, टेबलाच्या लांबीच्या दिशेने. हे प्लास्टिक उन्हात बरंच वाढतं. एवढी फळी ३० अंशांच्या फरकाने ५ मिमीच्या आसपास लांबते. सगळीकडून घट्ट आवळली तर मधोमध फुगते आणि केलेला उतार वाया जातो.

मागे ९ इंच उंच पातळ शीट उभी करा, भिंतीवर खवले उडणार नाहीत. तांबोशी, रावस, पालू यांचे खवले मोठे, ते सिंकमध्ये पाण्याखाली काढलेले बरे. सुरमईला तो त्रास जवळपास नाहीच.

सिंकला जाळीची टोपली असलेलं कपलिंग आणि खाली २ इंची पीव्हीसीचा सरळ पाईप. बाटलीसारखा ट्रॅप लावू नका, खवले आणि चरबी त्यातच अडकतात. पाईप घराच्या गटाराला न जोडता खाली ठेवलेल्या २० लिटरच्या बादलीत सोडा. कल्ले, आतडी जाळीत राहतात. ती आणि बादलीतलं पाणी माडाच्या अळ्यात, दीड फूट खोल खड्ड्यात घालून लगेच माती आणि पाचोळा ओढा. वरवर घातलं तर कुत्री उकरतात. खड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा.

मोठ्या माशाच्या कण्यावर कोयत्याचा घाव घालायचा असेल तर आडव्या पाईपच्या बरोबर वर घाला, मधल्या पोकळ भागात फळी दणके खाते. रोज काप पाडायचे असतील तर चिंचेचा ओंडका वेगळा ठेवा.

काम झालं की आधी गार पाणी. गरम पाण्याने रक्त शिजून सुरीच्या ओरखड्यांत घट्ट बसतं. मग साबण आणि ताठ ब्रश, त्यानंतर हवं तर गरम पाणी. शेवटी ४ लिटर पाण्यात १५ मिली साधं, वास न घातलेलं ब्लीच, दोन मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवा. सिंकवर ते साचू देऊ नका, स्टीलला बारीक खड्डे पडतात. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. ओरखडे काळे पडू लागले की सुताराच्या पातळ खरवडपट्टीने वरचा पापुद्रा काढा. वर्षातून एकदा स्क्रू सोडून फळी उचला आणि खालचं अंग, पट्ट्या, पाईपचे सांधे घासून पुसा. पावसाळा लागण्याआधीचा एखादा कोरडा दिवस याला बरा, कारण गंजलेल्या सांध्यावर प्राइमर तेव्हाच नीट वाळतो.