तापवताना एक, थंड करताना दुसरंच
बेरियम टायटेनेट या सिरॅमिकची पातळ फिल्म, १० टक्के स्ट्रॉन्शियम घातलेली, प्लॅटिनम चढवलेल्या सिलिकॉनवर. शुद्ध बेरियम टायटेनेट साधारण १२० अंश सेल्सिअसला टेट्रागोनलचं (एका दिशेने किंचित लांबट स्फटिकरचना) क्यूबिक (घनाकार) होतं; स्ट्रॉन्शियममुळे हे तापमान खाली येतं. या बदलाच्या आसपास विद्युतभार साठवण्याची क्षमता कमाल होते, तेच डायइलेक्ट्रिक शिखर. माझ्या फिल्मचं हे शिखर मात्र तापवताना आणि थंड करताना तब्बल २० अंशांनी वेगळं! फर्स्ट-ऑर्डर (एकदम उडी घेऊन होणाऱ्या) अवस्थांतराची हिस्टेरेसिस, म्हणजे जाता-येता वेगळ्या तापमानाला होणारा बदल, सापडली म्हणून आठवडाभर हवेत होतो. मग लक्षात आलं, तापमान मोजणारा थर्मोकपल हीटरच्या ठोकळ्यात खुपसलेला, फिल्मपासून लांब. तो सिल्व्हर पेस्टने थेट सबस्ट्रेटवर (फिल्मखालच्या सिलिकॉनवर) चिकटवला, तापमान बदलण्याचा वेग मिनिटाला ५ अंशांवरून १ वर आणला. फरक उरला ३ अंशांचा. शिखर अजून पसरटच आहे, पण इतक्या बारीक कणांच्या, ताणलेल्या फिल्मकडून टोकदार शिखराची अपेक्षा मीच चुकीची धरली होती.