किप्पूरच्या उपासाची तयारी चहापासून

योम किप्पूरचा, म्हणजे आपल्या ज्यू धर्मातल्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास साधारण 25 तासांचा, आणि त्यात पाण्याचा घोटही चालत नाही. तरी दुपारी सिनेगॉगमध्ये (प्रार्थनागृहात) कपाळ धरून बसलेल्यांना विचारून बघा. बहुतेकांना भुकेचा त्रास नसतो, चहा चुकलेला असतो. म्हणून मी घरात तयारी सुरू करते ती चहापासून, हिब्रू कॅलेंडरच्या तिश्री महिन्याची 10 तारीख, म्हणजे उपासाचा दिवस, यायच्या आठवडाभर आधी.

दिवसाला चार कप लागत असतील तर आधी संध्याकाळचा बंद करा, मग दुपारचा. सकाळचा एकदम तोडू नका. कप तोच ठेवून पावडर कमी करत न्या. शेवटचे दोन दिवस नुसतं आलं आणि गवती चहा उकळून प्यायचं. डोकं दुखायचंच असेल तर त्या आठवड्यात दुखू दे, गोळी तरी घेता येते. कॉफीवाल्यांनाही हेच लागू.

पाण्याचं गणित मात्र हमखास चुकतं. सूर्यास्ताआधी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं की कोल निद्रे, म्हणजे त्या संध्याकाळची पहिली प्रार्थना, संपेपर्यंत ते लघवीवाटे निघून जातं. आदल्या दिवसापासूनच थोड्या थोड्या वेळाने पेलाभर प्या. लघवी फिकट दिसायला लागली की पुरे. सण येतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेव्हा मुंबईत आणि कोकणात पाऊस ओसरून उकाडा सुरू झालेला असतो. घामाचाही हिशेब धरा.

तिश्रीच्या 9 तारखेला, म्हणजे ज्या संध्याकाळी उपास सुरू होतो त्या दिवशी, पोटभर खाणं आपल्या धर्मात पुण्याचं मानलंय. तेव्हा ‘सवय व्हावी’ म्हणून त्याच दिवशी सकाळपासून उपाशी राहणाऱ्या हौशी मंडळींना माझा कोपरापासून नमस्कार! भात, बटाटा, चपाती उपासाआधीचे दोन्ही दिवस नीट खा. त्यातली साखर यकृतात आणि स्नायूंत पाण्यासकट साठते, तीच पुढे कामाला येते. शेवटचं जेवण घाईत नको. नारळाच्या दुधातली कमी तिखट कोंबडी, भात, काकडी एवढं बास. लोणचं, पापड, खारवलेली मासळी ताटात नकोच. आणि मांस-दूध एकत्र चालत नसल्याने कोंबडी खाल्ली की वर दुधाचा चहा चालणार नाही, तेव्हा हळहळू नका. दात सूर्यास्ताआधीच घासा, नंतर चूळही भरता येत नाही.

मधुमेह, रक्तदाब, किडनी यांच्या गोळ्या आपल्या मनाने मागेपुढे करू नका; डॉक्टरांना आठवडाभर आधीच विचारा. गरोदर बायकांनीही. नऊ वर्षांखालच्या मुलांना उपास अजिबात नाही. जिवाला धोका असेल तर खाणं हीच धर्माची आज्ञा आहे, ‘आता थोडक्यासाठी कुठे मोडू’ हा हट्ट नको.

नेईला ही शेवटची प्रार्थना होऊन शोफर (मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य) वाजला तरी लगेच ताटावर तुटून पडू नका. हवदालानंतर, म्हणजे पवित्र दिवस संपवण्याच्या विधीनंतर, काळ्या मनुकांचं सरबत घोटघोट प्या, जरा थांबून केळं किंवा मऊ भात खा. तळलेलं दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या ‘शिळ्या सणाला’, पाहुणे आले की त्यांच्याबरोबर.