लांबच्या सायकल राइडमधला खोकला: या चुका टाळा

"स्टॅमिना वाढला की खोकला आपोआप जाईल." ही समजूत सगळ्यात जास्त नुकसान करते. राइड थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांत ढास लागते, छाती आवळते, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि अर्ध्या-एक तासात सगळं ओसरतं. हे श्वासनलिका आकसल्याचं लक्षण आहे. जोर लावताना मिनिटाला 100 लिटरहून जास्त हवा आत-बाहेर होऊ शकते. नाकाला ती पेलत नाही, तोंड उघडतं आणि कोरडी हवा पुरेशी गरम-ओलसर न होता खाली उतरते. नळ्यांचं अस्तर सुकतं, भोवतालचे स्नायू आवळतात.

400 किलोमीटरच्या राइडला हे चित्र ठरलेलं. संध्याकाळपर्यंत गडी मजेत असतो. रात्री गारठा पडतो, ग्रुप सुटू नये म्हणून तो चढावर जीव काढतो, माथ्यावर खोकतो आणि घामेजलेल्या छातीने तोंड उघडं ठेवून उतार उतरतो. पहाटेच्या कंट्रोलवर (वाटेतल्या वेळ नोंदवायच्या ठाण्यावर) एक वाक्य धड बोलता येत नाही, तरी वेळेच्या हिशोबात पुन्हा निघतो. तीन तास आधी वेग उतरवला असता तर राइड वाचली असती! म्हणून चढावर मोठ्याने बोलून बघा. एका दमात पूर्ण वाक्य येत नसेल तर हलका गिअर टाका, नाका-तोंडावर बफ (गळ्यातलं नळीसारखं कापड) ओढा. 15 मिनिटांत फरक पडला नाही तर थांबा.

दुसरी चूक इनहेलरची. आधी निदान करून घ्या, शक्यतो व्यायामाआधी आणि नंतर केलेल्या स्पायरोमेट्रीने (नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी). मित्राचा पंप (म्हणजे इनहेलर) मागून घेऊन ओढणं हा उपचार नाही. डॉक्टरांनी साल्ब्युटामोल (श्वासनळ्या पटकन मोकळ्या करणारं औषध) दिलं असेल तर ते राइडच्या साधारण 10-15 मिनिटं आधी घ्यायचं असतं. धाप लागेपर्यंत वाट बघायची नसते. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, हळू आणि खोल ओढताना दाबा, 10 सेकंद रोखा. घाईने ओढलं तर औषध घशाला चिकटतं. स्पेसरने (पंपाला जोडायच्या नळकांड्याने) हे बरंच टळतं. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरा. थंडीत पंप सीटखालच्या बॅगेत ठेवू नका, गारठलेला पंप कमी औषध सोडतो. आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. साल्ब्युटामोल रोज लागत असेल तर मूळ दमा आटोक्यात नाही, डोस वाढवत बसू नका.

वॉर्मअप न करता सुसाट सुटणं: 10-15 मिनिटं, मधे छोटे जोरदार तुकडे घातले तर पुढचे एक-दोन तास बऱ्याच जणांना त्रास कमी होतो.

झोप आणणारं खोकल्याचं औषध घेऊन रात्री चालवणं: अजिबात नको.

एअरोबारवर (हँडलवरच्या, पुढे झुकून धरायच्या दांड्यांवर) वाकून एनर्जी जेलवर जेल: पोटातलं आम्ल वर येतं आणि त्यानेही खोकला येतो. थोडं थोडं खा, मधूनमधून सरळ बसा.

ताप किंवा छातीत कफ असताना निघणं: राइड रद्द करा. इथे तडजोड नाही.

ओठ निळसर पडले, थुंकीत रक्त किंवा गुलाबी फेस दिसला, आडवं पडल्यावर श्वास कोंडला किंवा पंपाचा आराम चार तासही टिकेना, तर पुढच्या कंट्रोलपर्यंत रेटू नका. सायकल तिथेच सोडून थेट हॉस्पिटल गाठा.