बग्गीचा सांगाडा: नळी घेण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. इंजिनिअरिंगची पोरं बग्गीचं, म्हणजे नळ्यांच्या सांगाड्याच्या छोट्या उघड्या गाडीचं, ड्रॉइंग घेऊन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काका, एक इंची पाईप चालंल न्हवं?"

कुठला एक इंची? पाण्याचा एक इंची पाईप बाहेरून ३३.७ मिलिमीटर भरतो, इंच हे त्याचं नुसतं नाव. सांगाड्याची नळी मात्र बाहेरच्या व्यासावर विकतात. म्हणून दुकानात व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन) खिशात ठेवूनच जा. जस्त चढवलेला जीआय पाईप तर नकोच. विशीत असताना मी बंद शेडमध्ये तो दिवसभर जोडला आणि जस्ताच्या धुरानं रात्री हुडहुडी भरून ताप आला. त्यावर दूध प्या म्हणतात; मी प्यालो, ताप आलाच.

जाड नळी म्हणजे मजबूत, हा दुसरा गैरसमज. २५.४ व्यासाची ३ मिलिमीटर जाडीची नळी मीटरला साधारण १.६५ किलो भरते. २९.२ व्यासाची १.६५ जाडीची भरते १.१२ किलो, आणि वाकायला दोन्ही जवळपास सारख्याच ताठ. सांगाड्याला तीस मीटर नळी लागली तर सोळा किलो वाचले. सीमलेस, म्हणजे बिनशिवणीची नळी, परवडत असेल तर तीच घ्या. ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा गोल वळवून कडा जोडलेली, घेतलीत तर वाकवताना तिची शिवण बाकाच्या बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला येऊ देऊ नका, कडेला ठेवा.

आता खरं काम. नळीला नळी भिडवायची तर टोकाला माशाचं तोंड, म्हणजे दुसऱ्या नळीवर चपखल बसणारी गोल खाच, काढावं लागतं. होल-सॉ (गोल भोक पाडायची करवत) असेल तर उत्तम, नाहीतर कागदाचा साचा गुंडाळून ग्राइंडर मारा आणि अर्धगोल कानशीनं जुळवा. मग हॅक्सॉचं पान फटीत घालून बघा. शिरलं, की परत घासा. पोरं इथंच कंटाळतात: "फिलरनं भरून घेऊ की!" फिलर म्हणजे सांध्यात वितळवून घालायची तार. पातळ नळीत फट भरायला गेलं की भोक पडतं. न पडलं तरी जादा माल थंड होताना नळीला आपल्याकडं ओढतो.

आधी सगळा सांगाडा नुसत्या टाक्यांवर, म्हणजे वेल्डिंगच्या छोट्या ठिपक्यांवर, उभा करा. प्रत्येक सांध्याला चार टाके, समोरासमोर. गुण्या लावा, दोन्ही कर्ण टेपनं मोजा. मग वेल्डिंग, तेही एक सांधा डावीकडं, पुढचा उजवीकडं. मी एकदा घाईत एकच बाजू पुरी केली होती. मागचा हूप, म्हणजे चालकाच्या मागची कमान, आठ मिलिमीटर कलला आणि दोन दिवस कापाकापीत गेले.

१.६५ जाडीच्या नळीला टिगवर (गॅसच्या आवरणात टंगस्टनच्या टोकानं करायचं वेल्डिंग) साठ-सत्तर अँपिअर पुरतात. गॅस शुद्ध आर्गॉन, फिलर ईआर७०एस-२. नळी क्रोमोलीची (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद) असेल तर सांध्यावर पाणी किंवा हवा मारू नका, ठिसूळ होऊन तडकतो.

सांगाड्याला हात लावण्याआधी त्याच नळीच्या तुकड्यांचा एक सांधा करा. तो पकडीत धरून घणानं चेपा. बाजूची नळी फाटली तर पुढं चला. वेल्डिंगचा जोडच सोलून निघाला तर अँपिअर वाढवा आणि दुसरा तुकडा घ्या.