युनिव्हर्सल रिमोट आणि होम ऑटोमेशन यांची सांगड कशी घालावी

दिवे मोबाइलवरून लागतात, पडदे वेळ झाली की आपोआप सरकतात, पण टीव्ही, साउंडबार, सेट-टॉप बॉक्स, एसी आणि पंखा यांचे पाच रिमोट मात्र टेबलावर तसेच पडून असतात, अशी अवस्था अनेक घरांत दिसते. ही दोन जगे जोडणे अवघड नाही. मात्र त्यासाठी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी लागते. साधा रिमोट फक्त बोलतो, ऐकत नाही. त्याने पाठवलेला आदेश उपकरणापर्यंत पोहोचला की नाही, आणि पोहोचला असल्यास उपकरण आता चालू आहे की बंद, हे त्याला कधीच कळत नाही. होम ऑटोमेशनचा सारा डोलारा मात्र घरातील प्रत्येक वस्तूची खरी स्थिती माहीत असण्यावर उभा असतो. पुढे दिलेली बहुतेक कामे ही दरी भरून काढण्यासाठी आहेत.

आधी घरातील उपकरणांची नोंद करा

कोणतेही हब, म्हणजे सर्व उपकरणांना आदेश पोहोचवणारे मध्यवर्ती यंत्र, विकत घेण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि प्रत्येक उपकरणापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: त्याचा रिमोट कोणत्या माध्यमातून संदेश पाठवतो, चालू आणि बंद यांसाठी वेगळे आदेश आहेत की एकच बटण दोन्ही कामे करते, आणि ते उपकरण नेटवर्कवरून किंवा एचडीएमआय केबलमधून आपली स्थिती स्वतः सांगू शकते का.

माध्यम ओळखण्याची सोपी रीत म्हणजे मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरणे आणि बटण दाबणे. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकला, तर तो इन्फ्रारेड रिमोट आहे. या रिमोटांतील एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतो. तो डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याच्या सेन्सरला मात्र बऱ्याचदा दिसतो. मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बहुधा अधिक कडक असतो, म्हणून पुढचाच कॅमेरा वापरावा. ठिपका दिसला नाही आणि भिंतीकडे तोंड करून दाबले तरी उपकरण चालले, तर तो रिमोट रेडिओ लहरींवर किंवा ब्लूटूथवर चालतो. स्ट्रीमिंग स्टिकचे रिमोट बऱ्याचदा ब्लूटूथचे असतात, तर छताच्या पंख्यांचे आणि विजेच्या पडद्यांचे काही रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी वापरतात.

फाटकांच्या आणि गॅरेजच्या दारांच्या अनेक रिमोटांत प्रत्येक वेळी बदलणारा कोड असतो. तो एकदा टिपून पुन्हा पाठवला तरी दार उघडत नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. अशा दाराला या जुळणीतून पूर्णपणे वगळावे.

हबची निवड

इन्फ्रारेड उपकरणांसाठी लागते ते ब्लास्टर, म्हणजे वाय-फायवरून आदेश घेऊन त्याचे इन्फ्रारेड संदेशात रूपांतर करणारे छोटे यंत्र. ब्रॉडलिंकचे आरएम४ मिनी फक्त इन्फ्रारेड पाठवते. आरएम४ प्रो ४३३ मेगाहर्ट्झचे रेडिओ संदेशही पाठवू शकते. ज्यांना सोल्डरिंगची भीती वाटत नाही, त्यांनी ईएसपी३२ हा वाय-फाय असलेला छोटा बोर्ड, एक इन्फ्रारेड एलईडी, तो चालवण्यासाठी ट्रान्झिस्टर आणि ३८ किलोहर्ट्झचा रिसीव्हर घेऊन, ईएसपीहोम हे अशा बोर्डांसाठीचे सॉफ्टवेअर वापरून, स्वतःचे ब्लास्टर बनवावे. एलईडी थेट बोर्डाच्या पिनला जोडल्यास त्याला पुरेसा विद्युतप्रवाह मिळत नाही आणि पल्ला हातभराचाच राहतो, म्हणून ट्रान्झिस्टर टाळू नये.

निवड करताना माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: आदेश घरातल्या घरात, इंटरनेटशिवाय चालला पाहिजे. बाहेरच्या सर्व्हरवर अवलंबून असलेली जुळणी कंपनीच्या निर्णयांना बांधलेली असते. हार्मनी हे युनिव्हर्सल रिमोटमधले सर्वांत परिचित नाव होते, तरी लॉजिटेकने एप्रिल २०२१ मध्ये त्याचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. जुन्या ग्राहकांची सेवा चालू ठेवली गेली, पण नवा रिमोट हवा असणाऱ्यांना दुसरा मार्ग शोधावा लागला. २०१३ पासून विकसित होत असलेली होम असिस्टंट ही मुक्तस्रोत प्रणाली ब्रॉडलिंक आणि ईएसपीहोम या दोन्हींशी थेट घरातील नेटवर्कवरून बोलते, त्यामुळे पुढील मजकुरात तीच गृहीत धरली आहे.

जोडताना दोन अडचणी हमखास येतात. ब्रॉडलिंकचे हे ब्लास्टर २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालते, तेव्हा मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असल्यास पहिली जोडणी रखडू शकते. शिवाय त्याच्या ॲपमध्ये उपकरण ‘लॉक’ केलेले असेल, तर होम असिस्टंटला प्रवेश मिळत नाही. ते लॉक काढावे लागते. राउटरमध्ये ब्लास्टरसाठी आयपी पत्ता राखून ठेवला, तर राउटर पुन्हा सुरू झाल्यावर जोडणी तुटत नाही.

ब्लास्टर अशा जागी ठेवावा जिथून सर्व उपकरणांच्या रिसीव्हरकडे सरळ नजर जाते. इन्फ्रारेड प्रकाश फिकट भिंतीवरून परावर्तित होतो, त्यामुळे थोडा कोन चालतो. लाकडी दाराआड किंवा थेट उन्हात मात्र त्याचा भरवसा धरू नये.

कोड शिकवणे

होम असिस्टंटमध्ये ‘लर्न कमांड’ ही क्रिया चालवली की ब्लास्टरवरचा दिवा लागतो आणि तो संदेशाची वाट पाहू लागतो. मूळ रिमोट त्याच्यापासून वीतभर अंतरावर धरून बटण एकदाच, नेहमीसारखे दाबून सोडावे. दाबून धरल्यास संदेशाबरोबर त्याची पुनरावृत्तीही टिपली जाते, आणि मग आवाज एका पायरीऐवजी तीन पायऱ्यांनी वाढतो. रेडिओ रिमोट शिकवताना क्रम वेगळा आहे: वारंवारता सापडेपर्यंत बटण दाबून धरावे लागते आणि त्यानंतर पुन्हा एकदा थोडकेच दाबावे लागते. प्रत्येक आदेशाला स्पष्ट नाव द्यावे, कारण ‘बटण ७’ म्हणजे काय हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

एसीचा रिमोट मात्र मुळातच वेगळा असतो आणि बहुतेकांची चूक इथेच होते. टीव्हीच्या रिमोटवर आवाज वाढवण्याचे बटण दाबले की ‘आवाज एक पायरी वाढव’ एवढाच संदेश जातो. एसीच्या रिमोटवर तापमान २४ वरून २५ केले, तर ‘चालू, थंड करणे, २५ अंश, पंखा मध्यम, झडप स्थिर’ अशी संपूर्ण स्थिती एकाच लांबलचक संदेशात जाते. म्हणजे ‘तापमान वाढव’ नावाचा कोड शिकवून काहीच साधत नाही. तो पाठवला की प्रत्येक वेळी तेच २५ अंश येतील. त्याऐवजी आपण खरोखर वापरतो त्या चार-पाच स्थिती, उदाहरणार्थ रात्रीचे २६ अंश आणि मंद पंखा, रिमोटच्या पडद्यावर जुळवून एकेक करून शिकवाव्यात आणि ‘बंद’ हा वेगळा शिकवावा. ईएसपीहोममध्ये अनेक कंपन्यांच्या एसींचे संदेश आधीच तयार आहेत, त्यामुळे त्या एसींसाठी काही शिकवावेच लागत नाही. या रचनेचा मोठा फायदा असा, की एसीच्या संदेशाचा परिणाम आधीच्या स्थितीवर अवलंबून नसतो: २६ अंशांचा आदेश दोनदा गेला तरी तापमान २६च राहते.

खरी स्थिती कशी कळणार

टीव्ही आणि साउंडबार यांच्या बाबतीत हे सुख नसते. बहुतेक टीव्हींच्या रिमोटवर चालू आणि बंद यांसाठी एकच बटण असते, आणि त्याचा परिणाम टीव्ही आधी कोणत्या स्थितीत होता यावर ठरतो. मी पहिल्यांदा ‘सिनेमा’ नावाचा सीन, म्हणजे एका बटणावर चालणारा आदेशांचा संच, बांधला, तेव्हा त्यात दिवे मंद करणे, टीव्ही सुरू करणे आणि साउंडबार सुरू करणे असे तीन आदेश ओळीने ठेवले होते. पहिल्या दिवशी सगळे सुरळीत झाले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी आधीच टीव्हीवर बातम्या लावल्या होत्या. मी बटण दाबले आणि अंधारलेल्या खोलीत टीव्ही बंद झाला, साउंडबार तेवढा गुणगुणत राहिला. पुन्हा बटण दाबले तर टीव्ही लागला आणि साउंडबार बंद पडला. घरातील माणसांचा विश्वास अशा दोन प्रसंगांत उडतो आणि तो परत मिळवायला वेळ लागतो, म्हणून हा भाग नीट सोडवल्याशिवाय कोणताही सीन घरच्यांच्या हाती देऊ नये.

पहिला उपाय म्हणजे चालू आणि बंद यांचे स्वतंत्र कोड शोधणे. रिमोटवर वेगळी बटणे नसली तरी अनेक उपकरणांना असे कोड समजतात, आणि ते त्या कंपनीच्या कोडसंचात सापडू शकतात. दुसरा उपाय म्हणजे उपकरणालाच विचारणे. स्मार्ट टीव्ही असेल तर तो नेटवर्कवरून जोडावा आणि इन्फ्रारेड केवळ राखीव ठेवावा. बंद असताना नेटवर्कवरून प्रतिसाद न देणारा टीव्ही जागा करण्यासाठी बऱ्याचदा वेक-ऑन-लॅन चालू करावे लागते. एचडीएमआय केबलमधून जाणारी सीईसी ही सोयही स्थिती सांगू शकते, पण कंपन्या तिला वेगवेगळी नावे देतात: सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक, तर सोनी ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘सीईसी’ हा शब्द सापडला नाही, तर ही नावे शोधावीत.

तिसरा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण तो जुन्यात जुन्या उपकरणालाही लागू पडतो. विजेचा वापर मोजणारा स्मार्ट प्लग त्या उपकरणाच्या आधी लावावा आणि दोन आकडे टिपावेत: स्टँडबायमध्ये असताना किती वॅट जातात आणि चालू असताना किती. समजा स्टँडबायला २ वॅट आणि चालू असताना ७० वॅट जात असतील, तर २० वॅट ही सीमा धरून त्यावर ‘चालू’ आणि त्याखाली ‘बंद’ असा सेन्सर होम असिस्टंटमध्ये तयार करावा. मग सीनमध्ये ‘टीव्ही बंद असेल तरच पॉवरचा कोड पाठव’ अशी अट घालता येते. प्लगचा उपयोग केवळ मोजण्यासाठी करावा, त्यावरून वीज तोडू नये. दिव्याच्या प्रोजेक्टरला बंद केल्यावरही काही वेळ आतला पंखा चालू राहण्याची गरज असते. एसीसाठी साधा प्लग वापरू नये, त्याचा भार प्लगच्या क्षमतेपलीकडे जाऊ शकतो. तिथे ईएसपीहोमचा रिसीव्हर कामाला येतो: मूळ रिमोटने एसीला दिलेला आदेश तोही ऐकतो, आणि त्या एसीच्या तयार संदेशांत ही सोय असल्यास होम असिस्टंटमधील नोंद बदलते.

आदेशांमध्ये अंतर ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. ‘सेंड कमांड’ क्रियेत दोन पुनरावृत्तींमधला विराम ठरवता येतो आणि तो मुळात ०.४ सेकंद असतो. पण टीव्ही सुरू झाल्यावर एचडीएमआय बदलण्याचा आदेश स्वीकारायला त्याला कित्येक सेकंद लागतात. ठरावीक विराम देण्यापेक्षा वीज-सेन्सर ‘चालू’ म्हणेपर्यंत थांबून, त्यानंतर काही सेकंदांनी पुढचा आदेश पाठवणे अधिक चांगले.

रिमोटवरून घर चालवणे

आतापर्यंत घराने उपकरणांना आदेश दिले. आता उलट दिशेचे काम. युनिव्हर्सल रिमोटवर टीव्ही, डीव्हीडी, ऑक्स अशा निवडीची बटणे असतात. त्यांपैकी एका बटणावर घरात नसलेल्या एखाद्या कंपनीच्या डीव्हीडी प्लेअरचा कोड बसवावा. त्या निवडीत दाबलेले कोणतेही बटण घरातील उपकरणांना समजणार नाही, पण ईएसपीहोमचा रिसीव्हर ते टिपेल आणि त्यावरून दिवे, पडदे किंवा पूर्ण सीन चालवता येईल. टीव्ही पाहणाऱ्याला त्यासाठी मोबाइल शोधावा लागत नाही.

इथे दोन बारकावे सांभाळावेत. एनईसी या इन्फ्रारेड संदेशांच्या एका पद्धतीत बटण दाबून धरले की सुमारे ११० मिलिसेकंदांनी पुनरावृत्तीचा संकेत येत राहतो, आणि इतर काही पद्धतींत तर पूर्ण संदेशच पुन्हा पुन्हा येतो. म्हणून एकदा आदेश मिळाल्यावर पुढचा अर्धा सेकंद तोच आदेश दुर्लक्षावा, अन्यथा दिवा लागून लगेच विझेल. फिलिप्सच्या आरसी५ पद्धतीत प्रत्येक नव्या दाबण्याबरोबर संदेशातील एक बिट उलटतो, त्यामुळे कच्चा संदेश तपासल्यास एकाच बटणाचे दोन वेगळे कोड दिसतात. दोन्ही नोंदवले नाहीत, तर बटण एक आड एक वेळाच चालते आणि माणूस विनाकारण रिमोटचे सेल बदलत बसतो.

सर्व जुळणी झाल्यावर शिकवलेल्या कोडांसह होम असिस्टंटचा बॅकअप दुसऱ्या जागी ठेवावा, मूळ रिमोटांतील सेल काढून ते रिमोट एका खणात जपून ठेवावेत, आणि एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करावा. वीज आल्यावर कोणता टीव्ही स्वतःहून लागतो, कोणता प्लग बंदच राहतो आणि ब्लास्टर वाय-फायला किती वेळात जोडला जातो, हे त्या पाच मिनिटांत दिसते, आणि सीनमधील अटी त्यानुसार दुरुस्त करता येतात.