वेंगुर्ल्याहून आंबोलीला: लहान मुलासह एका दिवसाच्या सहलीची तयारी

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला पावसाचे नवल नसते आणि नेमक्या त्याच कारणाने आंबोलीला जाताना आपली तयारी कमी पडते. वेंगुर्ल्यात भिजलेल्या मुलाचे अंग पुसून कपडे बदलले की ते पुन्हा अंगणात पळते, कारण पाऊस असला तरी हवा उबदार असते. आंबोली मात्र सुमारे ६९० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या ऐन धारेवर आहे. समुद्रावरून आलेले ढग तिथे अडून वर चढतात, थंड होतात आणि वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस देतात. पावसाळ्यात तिथे ओला झालेला कपडा दिवसभरात वाळत नाही आणि वाऱ्यात मूल लगेच कुडकुडते.

म्हणून सर्वांत आधी कपड्यांची पिशवी भरावी. आम्ही पहिल्या वेळी आमच्या पाच वर्षांच्या मुलीसाठी कपड्यांचा एकच जादा जोड घेतला होता. तो पहिल्याच धबधब्यापाशी भिजला आणि उरलेला दिवस तिने माझ्या ओढणीत गुंडाळून गाडीत काढला. तेव्हापासून मी तीन पूर्ण जोड घेते आणि प्रत्येक जोड, आतल्या कपड्यांसह, वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधते, म्हणजे एक काढताना बाकीचे ओले होत नाहीत. त्याशिवाय स्वेटर, कानटोपी, दोन पंचे, मोज्यांचे चार जोड आणि मागे पट्टा असलेल्या रबरी चपला घ्याव्यात. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही आणि मुलाचा एक हात तिच्यातच अडकून राहतो.

दुसरी काळजी गाडी लागण्याची. घाटातल्या वळणांवर कानाच्या आतल्या भागाला हालचाल जाणवते, पण मोबाइलवर किंवा पुस्तकावर खिळलेल्या डोळ्यांना सारे स्थिर दिसते, आणि या विसंगतीतून मळमळ सुरू होते. त्यामुळे घाटात मोबाइल अजिबात देऊ नये. काच थोडी उघडून मुलाला समोरचा, दूरचा रस्ता पाहायला सांगावे. सकाळी उपाशीही नेऊ नये आणि तेलकटही देऊ नये. मऊ पेज किंवा एखादे घावन पुरते. गाडी लागण्याचे औषध द्यायचे असल्यास मात्रा मुलाच्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावी आणि घाट सुरू होण्याच्या पुरेसे आधी द्यावे. आलेपाकाच्या वड्या, पाणी, ओला रुमाल आणि उलटीसाठी जाड पिशव्या हाताशी असाव्यात, डिकीत नव्हे.

सहा वाजता निघाले की सावंतवाडीत मोती तलावाकाठी पाय मोकळे करता येतात. पेट्रोल तिथेच भरावे. पुढे आंबोलीपर्यंतचे ३० किलोमीटर अंतर कागदावर थोडे वाटते, पण दाणोली सोडल्यावर चढ लागतो आणि धुके असेल तर वेळेचा हिशेब उरत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी ब्रेक, वायपर, टायर आणि धुक्यातले दिवे तपासून घ्यावेत आणि घाटात दरड आली आहे का, याची चौकशी करावी. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य आसन कायद्यानेच बंधनकारक आहे, तेव्हा घाटात त्याला मांडीवर घेऊन बसण्याचा मोह आवरावा.

वर गेल्यावर दोन, फार तर तीन ठिकाणे ठरवावीत. मुलासाठी मला हिरण्यकेशीचे उगमस्थान सर्वांत आवडते. गुहेतून नदी निघते, शेजारी महादेवाचे देऊळ आहे आणि तिथल्याच कुंडात सापडलेल्या माशाच्या एका नव्या जातीला २०२० साली याच नदीचे नाव मिळाले. २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. पाण्यात बिस्किटे टाकायची नाहीत आणि हात घालायचा नाही, हे मुलाला घरूनच समजावून न्यावे. कावळेसादला दरीतून वर उसळणारे पाणी पाहून मुले हरखतात. तिथे कठड्यापाशी मुलाचे बोट नव्हे, मनगट धरावे. रस्त्यालगतच्या मोठ्या धबधब्याकडे जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी जाऊच नये, कारण गर्दीत मूल दिसेनासे होते आणि दगडांवर शेवाळ असते. माकडे खाऊ हिसकावतात, म्हणून डबा गाडीतच, काचा लावून उघडावा.

चारच्या सुमारास उतरायला लागावे. उतारावर खालचा गिअर ठेवावा, म्हणजे ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका टळतो. समोरून चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. शेवटचा कोरडा जोड मात्र निघण्यापूर्वीच मुलाच्या अंगावर चढवावा, कारण परतीच्या वाटेवर ते झोपते आणि घरी पोहोचेपर्यंत त्याला उठवावे लागू नये.