चित्रेचा वर्णपट मांडण्याआधी

चित्रा या ताऱ्याचा वर्णपट, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत पसरून मिळणारा पट्टा, टिपायचा आणि गणितानं तोच तयार करून ताडून बघायचा असेल, तर चैत्र लागायच्या आधीच तयारीला लागा. एकदा वळीव सुरू झाला की बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडच्या आभाळाचा भरवसा राहत नाही, आणि जूननंतर दुर्बीण गुंडाळूनच ठेवावी लागते. चैत्री पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ असतो, महिन्याला नाव त्यावरूनच पडलं. तेवढे दोन-तीन दिवस सोडून द्या.

चित्रा म्हणजे दोन तारे. सूर्याच्या सुमारे ११ आणि ७ पट वस्तुमानाचे, ४.०१४५ दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. हा आकडा वहीत पहिल्या पानावर लिहा. मी पहिल्या वर्षी रोज रात्री नऊलाच वर्णपट घेतले. बारा रात्री जागलो आणि कक्षेतल्या चारच जागा हाती आल्या, कारण चार दिवसांनी जोडी त्याच वेळी जवळपास तिथंच येते, फरक २१ मिनिटांचा. म्हणून रात्री नऊला एक आणि पहाटे तीनला एक, असं वेळापत्रक आखा.

वर्णपट टिपायला फट असलेला स्पेक्ट्रोग्राफच हवा. तारा जवळ येताना किंवा लांब जाताना वर्णपटातल्या काळ्या रेषा सरकतात, त्यावरून वेग कळतो. हेलियमची ४४७१ अँगस्ट्रॉमची (हे तरंगलांबीचं माप) रेषा १ अँगस्ट्रॉम सरकली म्हणजे सेकंदाला ६७ किलोमीटर वेग. मोठ्या ताऱ्याचा वेग सेकंदाला १२० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रेषा मधल्या जागेपासून जेमतेम पावणेदोन अँगस्ट्रॉम हलणार. प्रत्येक वर्णपटाच्या आधी आणि नंतर निऑन दिव्याच्या वर्णपटाचा फोटो घ्या, रेषांची जागा त्यावरूनच मोजायची. डार्क (झाकण लावून घेतलेला फोटो), फ्लॅट (एकसारख्या उजेडाचा फोटो), चार्ज केलेला इन्व्हर्टर, दव पुसायला सुती फडकं हे ओघानं आलंच. पृथ्वीचा स्वतःचा वेग, सेकंदाला ३० किलोमीटरपर्यंत, हिशेबातून काढायला विसरू नका.

आता गणित, आणि खरी मेहनत इथंच आहे. दोन गोल चेंडू धरून चालू नका. इतक्या जवळचे तारे एकमेकांच्या ओढीनं अंड्यासारखे लांबट होतात. फुगलेल्या टोकाला गुरुत्व कमी, म्हणून तापमानही कमी; स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ फॉन झाइपेलनं १९२४ साली दाखवलं की ते गुरुत्वाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतं. गुरुत्व २० टक्क्यांनी उतरलं तर २४,००० केल्विनचे सुमारे १,३०० केल्विन जातात, आणि रेषांची खोली तिथं वेगळी येते. म्हणून संगणकावर ताऱ्यांच्या पृष्ठभागाचे हजारो छोटे त्रिकोण पाडा. आकार काढायला फोबी हे मोफत सॉफ्टवेअर आहे. टीलस्टी या प्रोग्रॅमनं गणितानं काढलेले बी-ताऱ्यांचे (चित्रेसारख्या तप्त निळसर ताऱ्यांचे) तयार वर्णपट १५,००० ते ३०,००० केल्विनपर्यंत मिळतात, ते आधीच उतरवून ठेवा. प्रत्येक त्रिकोणाला त्याच्या तापमानाचा आणि गुरुत्वाचा वर्णपट द्या, वेगाप्रमाणे सरकवा, आपल्याकडे तोंड असलेल्या त्रिकोणांचीच बेरीज करा. शेवटी ती आपल्या यंत्राच्या क्षमतेइतकी पसरवा.

खरी निरीक्षणं घालण्याआधी एकच गोल, न फिरणारा तारा चालवून बघा. उत्तर टीलस्टीच्या वर्णपटाशी तंतोतंत जुळलं नाही, तर चूक बेरजेत आहे. ती सापडेपर्यंत चित्रेला हात लावू नका.